ओलं हाय तोवर

तळघरात माझी खोली. वर दवाखाना.
माझ्याकडे माणसं येत नाहीत, जबडे येतात,
प्लास्टरचे, पांढरे, नावाची चिठ्ठी चिकटवलेले.
सव्वीस वर्षं हेच.
शनिवार खुटावर कुणी अनोळखी हसलं
तर वाटतं, हे हसू आपल्या कपाटातून गेलंय.

त्या दिवशी चिठ्ठीवर होतं
तुळसा परशराम कुंभार, वय सहा, खानापूर.
मांजराच्या पिल्लामागे
कौलांच्या थप्पीवर चढली, थप्पी सरकली.
हनुवटीपाशी चीर,
आणि दातांची ओळ मधेच
एक पायरी उतरलेली.

अंकलगी डॉक्टर स्वतः खाली आल्या.
माझ्या ट्यूबलाइटवर फिल्म धरून म्हणाल्या, बघा.
वर दुधाचे दात.
खाली, हाडाच्या पोटात, दुसरी रांग,
न उगवलेली,
शेंगेतल्या दाण्यांसारखी दाटीवाटीनं झोपलेली.
"पट्टी कुठं ठोकू? स्क्रू कुठं पिळू?
एक दाणा फुटला तर बाराव्या वर्षी
आरशासमोर उभी राहून ही मला शिव्या देईल."

मला गोकाकचा तो पोरगा आठवला,
माझ्या पहिल्या वर्षातला.
छान जोडला होता, सगळं उघडून, पोलादानं.
मग वाढला तो एकाच बाजूनं.
त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.
चिठ्ठी होती, वाचली नव्हती.

मी करवत घेतली. चिरेवरूनच कापायचं होतं.
दारात एक माणूस, औषधाचं दुकान शोधत चुकलेला,
पायातलं बाहेर काढून आत आला.
"ह्ये माझ्या पोरीचं तोंड?"
करवत थांबली.
होय म्हणालो.
जाईल असं वाटलं. तो वाकून बघत राहिला,
नखांत लाल माती.

दोन तुकडे मी वरच्या दातांवर टेकवत होतो,
झिजलेला दात आपला जोडीदार शोधतो तसे.
"जरा डावीकडं," तो म्हणाला.
"आणि जरा. हां. आता सोडा."
बसलं.
कसं कळलं तुम्हाला?
"ओलं हाय तोवर बोटानं बसतंय बघा.
एकदा भाजलं की मग मोडूनच काढाय लागतंय."
आणि एवढं बोलून तो
टेबलाच्या कडेला धरून रडला,
आवाज न करता, आव्यातला धूर पोटात ठेवल्यासारखा.

रात्री मी तिच्यासाठी टोपी घडवली,
खालच्या सगळ्या दातांवर बसणारी, पारदर्शक, नखाएवढी जाड.
कडा चार वेळा घासल्या.
पाचव्यांदा जिभेला लावून पाहिल्या.

वर काय झालं ते सिस्टर मठपतींनी सांगितलं.
आई म्हणत होती आ कर,
सिस्टर म्हणत होत्या बायी तेगी,
पोरीनं दोन्ही भाषा कळून तोंड घट्ट मिटलेलं.
मग भूल. सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून
तीन तारा हाडाखालून फिरवल्या,
टोपीवर पीळ दिला.
चाकूचं काम फारसं पडलंच नाही.
तीन आठवडे आंबील, दूध, पातळ भात.
बाकीचं हाडानं करायचं.
त्या वयाचं हाड ऐकतं.

बाविसाव्या दिवशी टोपी काढून
पाकिटातून खाली आली, फेकायच्या आधी
मी बघावी म्हणून.
आत अडकला होता एक दात.
पडायलाच झालेला, दुधाचा,
तांदळाच्या कणीहून थोडा मोठा.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
मी कामाच्या वेळी जिना चढलो.
बाकावर ती पाय हलवत बसली होती.
हनुवटीखाली दोन ठिपके, डास चावल्यासारखे,
ते पण पुसट होत चाललेले.
दात तिच्या तळहातावर ठेवला.
तिनं मला नीट पाहिलं
आणि खिडकीतून वर बोट केलं.
"इथं तर सिमिटाचं छप्पर हाय.
मला घरला जाऊन कौलावर टाकायचाय."

हसली तेव्हा
मधे एक खिडकी होती,
आणि तिच्या तळाशी, हिरडीत,
पांढऱ्या दाण्याची कड.